हिरव्या होल्याचा पंचनामा

माझ्या आतोबांइतका खरं बोलणारा माणूस ठाण्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्या खरेपणाचा जेवढा ताप आम्ही नातेवाइकांनी सोसला तेवढा एखाद्या लबाडाच्या नातेवाइकांनीही सोसला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ठाण्याच्या कोर्टात ते नकलनवीस होते. फिर्यादी, जबान्या, पंचनामे, निकाल, जे पुढ्यात येईल त्याची बोरूने मोडीत हुबेहूब नक्कल करायची, हे त्यांचं काम. मूळ कागदात चूक असली तर ती नकलेतही जशीच्या तशी उतरायची, आणि इतक्या देखण्या अक्षरात, की वाचणाऱ्याला आपलंच काही चुकतंय असं वाटावं. स्वतःची चूक मात्र त्यांनी कधी केली नाही. खाडाखोड हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. एकदा तीस पानी निकालाच्या शेवटच्या पानावर शाईचा थेंब पडला, तर त्यांनी ते एक पान बदललं नाही, तीसही पानं पुन्हा लिहिली. नव्या पानाची शाई जुन्या पानांहून काळी दिसली असती, असं त्यांचं म्हणणं. लिहिलेलं खोडायचं नाही, आणि जे लिहिलं ते खरं असलं पाहिजे, या दोन खुंट्यांवर त्यांचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

आता कोर्टाच्या कागदात माणूस आला की त्याची चेहरेपट्टी येते, आणि जागा आली की तिची चतुःसीमा येते. या दोन गोष्टी आतोबांच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की साधं बोलणं त्यांना जमेनासं झालं होतं. एकदा जेवताना आत्याने आमटी कशी झालीय म्हणून विचारलं. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली आणि सांगितलं, "रंग पिवळा, पोत पातळ, तळाशी चिंचोका एक. मीठ आढळून आलं नाही."  आत्याने मिठाचं भांडंच त्यांच्या पानाशी आणून ठेवलं, आणि त्यांनी त्याचीही नोंद तोंडी घेतली. डोंबिवलीहून येणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी आपल्या घराचा पत्ता कळवला तो असा, की पूर्वेस सोनाराची भिंत, दक्षिणेस सांडपाण्याची मोरी, पश्चिमेस गोठा, उत्तरेस पडीक जागा. त्यात मजकूर एका अक्षरानेही खोटा नव्हता. पाहुणा बिचारा संध्याकाळपर्यंत त्या पडीक जागेत वळकटीवर बसून राहिला, आणि दिवेलागणीला आत्या गाय बघायला बाहेर गेली तेव्हा तिला तो सापडला.

माझ्यासाठी कल्याणची मुलगी पाहायला वडिलांनी दुसरं कोणी मोकळं नाही म्हणून आतोबांना धाडलं होतं. ते परत आले, पगडी काढून खुंटीला अडकवली, आणि माझी आई दारात कान देऊन उभी असताना त्यांनी वर्दी दिली. उंची सुमारे पावणेपाच फूट, रंग गव्हाळ, नाक सरळ, डाव्या कानाच्या पाळीखाली तीळ, उजव्या करंगळीवर भाजल्याचा जुना व्रण, मूळ राहणार कल्याण, पारनाका. आईने विचारलं की मुलगी स्वभावाने कशी आहे. तर आतोबा म्हणाले, स्वभाव जागेवर दिसून आला नाही. लग्न झालं. तीळ सांगितल्या जागीच निघाला. स्वभावाविषयी त्यांनी काहीच हमी दिली नव्हती, त्यामुळे पुढे मला तक्रारीला जागा उरली नाही.

पण कळस झाला तो घंगाळाच्या चोरीत. भर दुपारी एक चोर मागल्या दाराने न्हाणीत शिरला आणि आत्याच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ खांद्यावर घेऊन बाहेर पडला. आतोबा ओसरीवर बसलेले. दोघे समोरासमोर आले. दुसऱ्या कोणीही आरडाओरडा केला असता. आतोबांनी चोराला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळून घेतलं. चोरही भांबावून क्षणभर उभा राहिला, आणि मग कोणी काही म्हणत नाही असं पाहून चालता झाला. आतोबांनी लगेच दौत पुढे ओढली. त्या चेहरेपट्टीवरून चोर तिसऱ्या दिवशी पकडला गेला, आणि फौजदार म्हणाला की असं वर्णन त्याने जन्मात वाचलं नव्हतं. घंगाळ तोवर वितळून गेलं होतं. आतोबा महिनाभर आनंदात होते. आत्या वर्षभर त्यांच्याशी घंगाळ हा शब्द घातल्याशिवाय बोलली नाही.

अशा या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट अशी सांगितली की जिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ऐन तारुण्यात कसल्याशा जमिनीच्या वादात, जागेची पाहणी करायला निघालेल्या कारकुनाबरोबर ते माहुलीच्या डोंगराखाली गेले होते. तिथे रानातल्या पायवाटेवर त्यांनी एक होला पाहिला. होला सगळ्यांनी पाहिलेला असतो, अंगणात दाणे टिपतो तो, मातकट रंगाचा. पण आतोबांच्या होल्याचे पंख हिरवे होते. पाचूसारखे हिरवे, ऊन लागलं की चमकणारे. कोर्टात ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की शिरस्तेदारापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना ती पाठ होती, आणि सगळ्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. अहो, ती हरोळी असेल. हरोळी हिरवीच असते. मग आतोबा लाल व्हायचे. हरोळी वडावर बसते, उंबरं खाते, जमिनीला पाय लावत नाही. हा भुईवर चालत होता. आपण पाहिला आहे. त्यावर कोणीतरी हळूच विचारायचं, की उन्हं फार होती का हो त्या दिवशी? आतोबा बोरू उचलून पुन्हा नक्कल करायला लागायचे, पण त्यांचे कान तासभर तांबडे राहायचे.

मी त्या वेळी कोर्टात बिनपगारी उमेदवार होतो, आत्याकडेच राहत होतो, आणि हसणाऱ्यांत मीही असे. हे सांगून टाकलेलं बरं.

त्याच सुमारास ठाण्यात एक साहेब आला. तो कुठल्या खात्याचा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा तो स्वतःच्याच खात्याचा असावा. जिल्ह्यातल्या पक्ष्यांची यादी करून तिचं पुस्तक छापायचं असं त्याने घेतलं होतं. मला थोडं इंग्रजी येत असल्यामुळे दुभाषी म्हणून त्याने मला हाताशी धरलं, आणि काम नीट झालं तर कायमच्या जागेसाठी चिठ्ठी देईन म्हणाला. आतोबांच्या कानावर पुस्तकाची गोष्ट गेली मात्र, ते ठेवणीतली पगडी घालून साहेबाच्या बंगल्यावर हजर. हिरव्या होल्याची हकीकत मी भाषांतर करून सांगितली. साहेब हसला नाही. तो म्हणाला, असा पक्षी आहे खरा, पण तो दक्षिणेकडच्या दाट, ओल्या डोंगरी रानातला. या जिल्ह्यात त्याची नोंद नाही. गोळी घालून कातडं आणा, नाहीतर जिवंत पक्षी आणून दाखवा, की लगेच लिहितो.

परत येताना मासुंद्याच्या तळ्यापाशी आतोबा थांबले. त्यांना पेन्शनीला दोन महिने राहिले होते. "बापू," ते मला म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवली. त्यात खऱ्यांची होती, खोट्यांची होती. एक वाक्य माझं असावं रे. मी पाहिलेलं." एवढं बोलून ते एकदम पुढे चालायला लागले.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. आतोबांच्या सामानात धोतरजोडी एक, छत्री एक, दशम्या, आवळ्याचं लोणचं, दौत, सहा बोरू, शाई टिपायला वाळूची पुडी आणि होला ठेवायला झाकणाची पाटी, एवढं होतं. गोळी घालण्याचा प्रश्नच नव्हता. आत्याने बजावलं होतं की जीव घेतलात तर घरात पाऊल टाकू नका, आणि घंगाळाच्या प्रकरणापासून आतोबा तिचा शब्द मोडत नसत. आगगाडीने कल्याण, आंबिवली मागे टाकत आसनगावला उतरलो आणि चालत माहुलीच्या पायथ्याला गेलो. तिथे गोमा नावाचा एक ठाकर भेटला. आतोबांनी त्याच्यापुढे होल्याची चेहरेपट्टी सुरू केली. पहिली ओळ संपायच्या आत गोमा म्हणाला, "त्यो व्हय. त्यो हाय की. वर कळकीत ऱ्हातो. भुईला चालतो, झाडाव नाय गावायचा."

आतोबा मटकन खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी 'आहे की' म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना गोमाने आम्हाला वर नेलं. पगडी, उपरणं, पुणेरी जोडा अशा थाटात आतोबा डोंगर चढत होते, आणि दर दहा पावलांवर कुठल्यातरी काटेरी झुडपाने त्यांचं धोतर धरून ठेवलं की आपण होऊन उभे राहत होते. गोमाने ओढ्याकाठच्या वाटेवर केसांचे बारीक फासे मांडले आणि आम्हाला कळकीच्या, म्हणजे बांबूच्या, बेटामागे बसवलं. पहिल्या फाशात आतोबांचा जोडा अडकला. दुसऱ्या खेपेला मला शिंक आली आणि अर्धं रान उडून गेलं. गोमाने माझ्याकडे पाहिलं त्याचं भाषांतर करायला दुभाषी लागला नसता. तिसऱ्या खेपेला आम्ही श्वाससुद्धा बेतानेच घेत होतो. रानातून कोणीतरी बंद दाराआड कण्हावं तसा आवाज आला, हूं... हूं..., आणि थांबला. आणि मग तो वाटेवर आला.

तो चालत आला. डोकं पुढेमागे करत, पानं उलटीपालटी करत, घरचाच रस्ता असल्यासारखा. माझ्यापासून चार हातांवर असेल. वरून कुठूनतरी उन्हाचा एक कवडसा पडला होता, त्यात तो शिरला आणि त्याची पाठ अशी काही पेटली की माझ्या हातावर काटा उभा राहिला. मी आतोबांकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना नाक ओढायची सोय नव्हती.

फाशात पाय अडकला तसा गोमाने अलगद उचलून त्याला पाटीत घातलं. आम्ही गोमाच्या अंगणात उतरलो. साहेबाला पक्षी दाखवायचा होताच, पण आतोबा म्हणाले, आधी पंचनामा. गोमा, त्याची बायको, शेजारचे दोघे आणि मी असे पंच जमले. आतोबांनी मांडी घालून कागद गुडघ्यावर घेतला. हजारो पंचनाम्यांच्या नकला केलेल्या माणसाचा तो स्वतःचा पहिला पंचनामा. त्यांनी लिहिला तो मला अजून येतो. पक्षी होला जातीचा, नग एक, अंगाने साध्या होल्याहून भरीव, शेपूट आखूड. पंख व पाठ हिरवी, उजेडात तांब्याची झाक. मान व छाती पिकल्या जांभळाच्या डागासारखी, फिकी. कपाळ व भुवई पांढरी, भस्म लावल्याप्रमाणे. कमरेवर फिके आडवे पट्टे दोन. चोच पोवळ्यासारखी तांबडी, पाय तांबूस. डोळा काळा, नजर शांत. राहण्याची जागा माहुलीच्या डोंगराच्या कुशीतील दाट रान. तिची चतुःसीमा, पूर्वेस कडा, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस कळकीचं बेट, उत्तरेस गोमा ठाकर याचं घर. सदर जागी ऊन जमिनीस क्वचित लागते. पक्षी गळलेलं बी खातो, ओढ्यावर पाणी पितो, माणसाची चाहूल लागताच दडतो.

बोरू कुठे अडखळला नाही. गोमाने निशाणी म्हणून तीरकमठा काढला, त्याच्या बायकोने बांगडी काढली, शेजाऱ्यांनी अंगठे उठवले. माझी सही झाली. आतोबांनी वाळू टाकली, झटकली, आणि कागद वाचून दाखवायला घेतला. शेवटच्या ओळीशी ते थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी वाकून पाहिलं. चोरीच्या मालाच्या पंचनाम्याखाली जी ओळ असते, जी त्यांनी जन्मभर उतरवली होती, ती हाताने आपसूक लिहिली होती. मुद्देमाल पंचांसमक्ष मूळ मालकाच्या ताब्यात परत दिला.

मी म्हणालो, एवढी ओळ खोडा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना गाय मारायला सांगत होतो. मग नवा कागद घ्या म्हणालो. ते म्हणाले, सह्या झाल्या, निशाण्या झाल्या, आता हा कागद फाडणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. मी गोमाला मध्यस्थी करायला सांगितलं. गोमाने सगळं समजावून घेतलं आणि विचारलं, की मग मालक कोण? आतोबांनी कागदावरची चतुःसीमा पुन्हा एकदा वाचली. मग ते पाटीत डोकावले. आत तो पक्षी नुसता बसून होता, फडफडतही नव्हता. "लिहून गेलंय बापू," ते म्हणाले. "आता खोटं ठरवता येत नाही." ते उठले, पाटी उचलून रानाच्या कडेला गेले आणि झाकण काढलं. होला गुडघाभर उंचीवरून झाडांच्या खोडांमधून सरळ बाण मारावा तसा गेला. हाताची चूक होती की मनाची, हे मी त्यांना पुढे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, सवय रे, दुसरं काय.

आता इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे आणि पुष्कळ हशा मिळवला आहे. याच्या पुढची आजवर कोणाला सांगितली नाही.

साहेबापुढे आम्ही पंचनामा ठेवला. मी भाषांतर करत गेलो, आणि शेवटच्या ओळीला साहेब इतका हसला की त्याच्या चहाची बशी निसटली. बांगडी आणि तीरकमठा पाहून त्याला पुन्हा हसू फुटलं. आतोबा दाराशी पगडी सावरून उभे होते. हसून झाल्यावर साहेब माझ्याकडे वळला. म्हणाला, म्हाताऱ्याचं सोड, त्याला तो तीस वर्षं दिसतोच आहे. तू शिकलेला आहेस, तू सांग. तू स्वतःच्या डोळ्याने पाहिलास? तू हो म्हण, मी लिहितो.

एका शब्दाचं काम होतं. पण पाटी रिकामी होती. साहेबाच्या डोळ्यांत अजून हसू होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर आता माझ्यावर हसेल, आणि ती चिठ्ठी जाईल. मी म्हणालो, "लांबून पाहिलं, साहेब. हिरवं काहीतरी होतं."

आतोबांना इंग्रजी येत नव्हतं. पण ज्याने जन्मभर साक्षीदारांची तोंडं पाहिली त्याला मी काय बोललो ते कळलं.  घरी आल्यावर ते आत्याला म्हणाले, "बापूला ताक दे. दमलाय." चिठ्ठी मला मिळाली. त्या जागेवर मी नोकरी केली, आणि आज तिचीच पेन्शन खातो.

पुस्तक काही वर्षांनी आलं. आतोबांना तोवर मोतीबिंदू झाला होता. माझ्याकडून त्यांनी होल्यांचं पान मराठीत वाचून घेतलं. हिरव्या होल्याविषयी एकच वाक्य होतं. असा एक पक्षी डोंगरात असल्याचं इकडचे लोक सांगतात, पण प्रत्यक्ष पाहणारा कोणी भरवशाचा माणूस मिळाला नाही. मी पदरचं काही घालून वाचावं असं फार मनात आलं. पण त्या माणसासमोर खोटं वाचायची छाती झाली नाही. होतं तसं वाचलं.

"ऐकीव," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंय त्याने. ऐकीव पुरावा टिकत नाही. पाहिलेला साक्षीदार उभा राहावा लागतो."

"आतोबा, मी पाहिला होता," मी म्हणालो.

त्यांनी चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ठाऊक आहे ना मला. त्या सकाळी माझ्या आधी तुलाच दिसला तो."

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले. पंचनाम्याचा कागद आत्याने त्यांच्या बंडीच्या खिशात घालून दिला, म्हणाली, वर कोणी विचारलं तर असू द्या जवळ. तेव्हा तोही आता नाही. उरलो आहे तो मी, पाच पंचांतला बहुधा शेवटचा. म्हणून हे लिहून ठेवतो. तो होला मी पाहिला आहे. चार हातांवरून, सकाळच्या उजेडात, पूर्ण शुद्धीवर असताना. पंख हिरवे होते, चोच तांबडी होती, आणि तो भुईवर चालत होता. आतोबा खरं सांगत होते. विचारणारा विचारत होता तेव्हा हे सांगायला हवं होतं.